येरझारीचा माळ

बोरदऱ्याच्या वरच्या आळीतून खालच्या आळीकडे उतरताना मध्ये एक माळ लागतो. माळ तसा साधाच. कुसळं, बाभळी, दोन-चार जुन्या बोरी. पण त्याच्या ऐन मधून एक उघडी पट्टी गेली आहे. पावसाळ्यात सगळा माळ हिरवा होतो, ही पट्टी तेवढी उघडीच राहते. तिला वाट म्हणावं तर ती कुठेच जात नाही. एका बोरीपासून निघते आणि शेंदूर लावलेल्या वाघजाईच्या धोंड्यापाशी संपते. गावात तिला भिवराईची येरझार म्हणतात. पट्टीच्या कडेला तीन काळे दगड चुलीसारखे मांडलेले आहेत, आणि वर्षातून एकदा, भोगीच्या दिवशी, त्यांच्यावर दोन्ही आळ्यांची मिळून एकच भाजी शिजते.

त्या दिवशी पाहुणा आला, की त्याचा हमखास घोटाळा होतो. हातावर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावर भाजी पडली, की तो बसायला जागा शोधू लागतो. मग गावातले दगडूनाना त्याचा दंड धरतात आणि म्हणतात, "ऐकल्याबिगर बसू नका. आन् ऐकल्यावर तुमी बसनारच न्हाई." मग ते उभ्यानेच ही हकिकत सांगतात.

फार पूर्वी, असे सांगतात, वरच्या आळीत भिवरा नावाची एक बाई राहत होती. कामाला वाघीण, पण एका जागी बसेल तर शपथ. तिच्या पायाला भिंगरी बांधली आहे, असं लोक म्हणत. दळायला बसली तर पायली निम्मी होण्याआधी उठून गोठ्यात, गोठ्यातून परड्यात, परड्यातून शेजारणीच्या दारात. तिची भाकरी एका बाजूने करपलेली असायची, कारण दुसरी बाजू भाजताना ती दुसरीकडेच असे. नवरा रायाजी गरीब स्वभावाचा होता. तो करपलेली बाजू खाली ठेवून खाई आणि काही बोलत नसे.

तिची एकुलती एक लेक मुक्ता खालच्या आळीत दिली होती. खालच्या आळीचा पाटील कोंडाजी हा मुक्ताचा सासरा, आणि त्याची बायको साळू ही भिवराची विहीण. साळू अगदी उलट्या चालीची. सावकाश बोलायची, सावकाश चालायची, आणि तिच्या घरच्या भातात कधी कुणाला खडा सापडला नाही.

वरची आळी माळरानाची, तिथे बाजरी आणि तीळ. खालची आळी ओढ्याकाठची, तिथे वांगी, गाजरं, घेवडा, ओला हरभरा. म्हणजे भोगीची भाजी एकट्या आळीची होऊच शकत नव्हती. म्हणून भोगीच्या आदल्या दिवशी बायका माळावर जमत आणि सुपं बदलून घेत. वरून तीळ यायचे, खालून भाजी. त्याला वाण म्हणत. या वाणाचा एकच नियम होता, दिलेलं परत करायचं नाही. वाण परत करणं म्हणजे माणूस उंबऱ्यावरून परत घालवणं.

आणि दुसरी एक रीत होती, ती थट्टेची. विहिणी विहिणी समोर आल्या म्हणजे बोलणार, टोमणे मारणार, बाकीच्या हसणार. कुणी मनाला लावून घ्यायचं नाही.

त्या वर्षी भिवराने साळूच्या हाती तिळाचं सूप दिलं आणि तिच्याकडून वांग्यांचं घेतलं. साळूने चिमूटभर तीळ तोंडात टाकले. कच्चकन आवाज झाला. साळूने सावकाश खडा काढून तळहातावर ठेवला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, "इहीणबाई, तीळ देताय का माळ देताय?"

बायका अशा हसल्या म्हणे, की बाभळीवरचे होले उडाले. भिवराही हसली. पण तिला झोंबलं, कारण खडे होते आणि ते तिला ठाऊक होतं. तीळ निवडायला मांडी घालून बसावं लागतं, डोळे एका जागी ठेवावे लागतात. तेवढा दम तिच्यात नव्हता. तिने वरवर हात फिरवून तीळ पाखडले होते आणि सूप उचलून माळावर आली होती.

थट्टेला उत्तर द्यायला हवं होतं, आणि शब्द सुचण्याआधी तिचे हात चालले. तिने वांग्यांचं सूप साळूच्या पायांशी उलटं केलं. "मंग ऱ्हाऊ द्या. तुमची वांगी तुमालाच लखलाभ," ती हसत हसतच म्हणाली.

हसणं अर्ध्यावर थांबलं. वांगी घरंगळली. एक वांगं उतारावरून खालच्या आळीकडे पळत सुटलं आणि सगळ्या बायका ते कुठे थांबतं ते बघत राहिल्या. भिवराला तेव्हा कळलं, आपण काय केलं ते. ती वांगी वेचायला वाकली, पण साळूने तिचा हात बाजूला केला. एकेक वांगं तिने पदरात गोळा केलं, उतारावर गेलेलंही आणलं, आणि ती घरी गेली. बाकीच्यांची सुपं बदलायची राहिली ती राहिलीच.

राईचा पर्वत होतो म्हणतात, इथे तिळाचा झाला. आपल्या घरचं वाण परत आलं हे ऐकून कोंडाजी पाटलाने माळावर बाभळीच्या काट्यांची आडवी ओळ घातली. या वाटेने काही यायचं नाही, काही जायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी भिवरा काट्यांपाशी गेली आणि तिने साळूला हाक मारली. साळू आली. भिवरा म्हणाली, "थट्टा व्हती वो. हात चालला."

"थट्टाच व्हती, मान्य," साळू म्हणाली. "पर एक सांगा. तिळात खडं व्हतं का न्हवतं?"

एवढंच विचारलं. भिवराच्या पाठीमागे वरच्या आळीच्या बायका उभ्या होत्या. एक शब्द खरा बोलली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण माणसाची जीभ अशा वेळी जड होते.

"न्हवतं," भिवरा म्हणाली.

"म्हंजी मी खोटी," साळू म्हणाली, आणि वळली.

त्या वर्षीची भोगी दोन्ही आळ्यांत कशीबशी झाली. वरच्या आळीने तिळाची भाकरी चटणीशी खाल्ली, खालच्या आळीने बिनतिळाची भाजी. न खाई भोगी तो सदा रोगी, असं आपल्याकडे म्हणतात. त्या उन्हाळ्यात ज्याला ज्याला खोकला झाला त्याने तो भोगीच्या नावावर घातला.

भिवराचं मात्र निराळंच सुरू झालं. पूर्वी ती कामासाठी उठायची, आता काम नसताना उठू लागली. बसली, की पायांशी वांगी घरंगळताना दिसायची. मग अंगणात, मग माळावर, मग काट्यांच्या ओळीपर्यंत. तिथून खालच्या आळीची छपरं दिसत. त्यातलं मुक्ताचं छप्पर तिला ओळखू येई, पण मुक्ता दिसत नसे.

नागपंचमीला गावोगावच्या लेकी माहेरी आल्या, मुक्ता आली नाही. काट्यांच्या अलीकडे पलीकडे गुरं चारणारे गुराखी तेवढे एकमेकांशी बोलत. त्यांच्याकडून भिवराला कळलं, की मुक्ताला दिवस गेलेत आणि पौषात भरतील. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही सगळ्या मुलखाची रीत. पण काट्यांतून ती येणार कशी?

रायाजीने आळीतल्या जाणत्यांपुढे विषय काढला. जाणते म्हणाले, काटे पाटलाने घातलेत, पाटलाने काढावेत. आपण खाली गेलो तर आळीचं नाक कापलं जाईल.

हे ऐकून भिवरा म्हणाली, "नाक घिऊन काय करू? माजी पोरगी पहिलटकरीण हाय." पण जाणत्यांचं ठरलं ते ठरलं.

नवरात्र झालं, तीळ काढणीला आले. नवे तीळ झोडून झाले त्या दिवशी भिवराने एक सूप भरून घेतलं आणि ती माळावर वाघजाईच्या धोंड्यापुढे उभी राहिली. ती म्हणाली, "आई, हे तीळ निवडून साळूच्या हातात जाईस्तवर मी बूड टेकनार न्हाई." आणि तिने चालायला सुरुवात केली. धोंड्यापासून बोरीपर्यंत, बोरीपासून धोंड्यापर्यंत. डाव्या हाताच्या कोपरात सूप, उजव्या हाताने एकेक तीळ बाजूला सारायचा, खडा दिसला की फेकायचा.

लोक आधी खूप हसले. "भिवरा आन् बसनार न्हाई? लईच अवघड नवस धरला की बाईनं," असं पारावर म्हणत. मासोळीने पाण्यात राहायचा नवस करावा तसाच तो प्रकार वाटला.

पण ज्याला बसायचंच नसतं त्याचं उभं राहणं वेगळं, आणि ज्याला बसावंसं वाटतंय त्याचं वेगळं. दिवाळी आली तेव्हा भिवराचे पाय सुजले होते. ती उभ्याने खाई, घरच्या मेढीला पाठ लावून उभ्यानेच डोळे मिटून घेई, आणि उजाडलं की सूप घेऊन पुन्हा माळावर. जन्मात पहिल्यांदा तिला बसावंसं वाटत होतं. तिच्या पायांखालचं गवत आधी पिवळं पडलं, मग गेलं. टाचांना भेगा पडल्या. माळावर वारा सुटला की निवडलेले तीळ न निवडलेल्यांत मिसळायचे आणि ती पहिल्यापासून सुरुवात करायची.

मग गाव अस्वस्थ झालं. वडीलधारं माणूस उभं असताना आपण बसायचं नाही, हे बोरदऱ्यात लहान पोरालाही शिकवलेलं असतं. आणि माळ असा उंचवट्यावर, की दोन्ही आळ्यांतल्या दारांतून भिवरा दिसायची. वरच्या आळीच्या सुना ताट वाढून उभ्याच राहू लागल्या. पुरुष जेवायला बसत, दाराबाहेर नजर जाई, आणि घास हातात राहत असे. कुणी दारं लावून घेऊन जेवलं, तर ती आता बोरीपाशी असेल की धोंड्यापाशी, एवढाच विचार डोक्यात येत राहिला.

खालच्या आळीत मुक्ता भरल्या पोटाने अंगणात उभी राहायची. साळू तिला म्हणायची, "बस गं. पोटुशी बाई अशी ताटकळत ऱ्हाती का?"

"आय उभी हाय, आत्याबाई," मुक्ता म्हणायची.

साळू मग चुलीपाशी जायची. पाटावर बसायची, उठायची. सावकाश चालणारी ती बाई घरातल्या घरात फेऱ्या घालू लागली. एकदा जेवणाच्या वेळी कोंडाजी पाटील चिडून ओरडला, की सगळ्यांनी बसा. कुणी बसलं नाही. तो एकटा बसला, निम्मी भाकरी खाल्ली, उठला आणि अंगणात जाऊन माळाकडे बघत राहिला. त्यानंतर त्याने कुणाला बसा म्हटलं नाही.

अशी भोगी आली.

त्या सकाळी मुक्ताने कुणालाच विचारलं नाही. पदर खोचला, कमरेवर हात ठेवला आणि ती माळाची चढण चढू लागली. साळूने तिला पाहिलं. तिने वांगी, गाजरं, घेवडा, हरभरा सुपात भरला आणि "आगं हळू, दगडं हायेत, पडशील," म्हणत तिच्या मागे निघाली. कोंडाजी दारात होता. त्याने वाट अडवली नाही. साळूमागून आळीतली एकेक बाई निघाली, बायकांमागून पुरुष, सगळ्यांत शेवटी कोंडाजी. त्यांना पाहून वरच्या आळीचीही माणसं माळाकडे आली.

काट्यांच्या अलीकडे भिवरा, पलीकडे साळू आणि मुक्ता. भिवराने लेकीकडे पाहिलं. मुक्ताचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते. पण आधी करायचं ते तिने आधी केलं. तिने तिळाचं सूप काट्यांवरून पुढे धरलं.

"खडं व्हतं," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमी खरं बोलला व्हता. मला तवाच ठावं व्हतं. बसून निवडायचा दम माज्यात न्हवता, आन् खरं बोलायचाबी न्हवता. आता निवडल्यात. बगा."

साळूने चिमूटभर तीळ घेतले आणि तोंडात टाकले. माळावर वारा तेवढा वाहत होता. साळूचा जबडा सावकाश हलत होता.

आणि कच्चकन वाजलं.

इतकं बारीक, की ते दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. भिवराला गेलं. इतके दिवस ती याच आवाजाला भीत होती. साळूचा जबडा थांबला होता. तिने भिवराकडे पाहिलं, तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, तिच्या मागच्या उघड्या पट्टीकडे पाहिलं. मग तिने गिळलं.

"साफ हायेत," साळू म्हणाली. "अगदी साफ."

तिने तिळाचं सूप घेतलं आणि भाजीचं सूप भिवराच्या हातात दिलं.

काटे कुणी काढले यावर अजून वाद आहे. वरची आळी म्हणते आम्ही, खालची म्हणते आम्ही. ते काटेच जळणाला घेतले, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. तीन दगड लोटून चूल मांडली. दगड बघाल तर आज आठ माणसांना हलायचे नाहीत. कुणी म्हणतं वाघजाईने हात लावला, कुणी म्हणतं दोन्ही आळ्यांना लाज वाटली होती, आणि लाजेच्या अंगी बळ फार असतं. वरच्या आळीने घरोघरची बाजरी आणली, तीळ घेतले ते भिवराच्या सुपातले. एक भाजी, एक चूल.

भाजी उतरल्यावर साळू म्हणाली, "आता बसा, इहीणबाई. नवस फिटला."

भिवराने बसायला पाहिलं. तिला बसता येईना. गुडघे वाकतच नव्हते. ती पुन्हा खाली व्हायला गेली, बोरीला धरून पाहिलं, आणि शेवटी हसू लागली. "गुडघं इसरलं वो," ती म्हणाली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मुक्ताने भाकरीवर भाजी घालून तिच्या हातावर ठेवली आणि ती उभ्याने जेवली. साळू तिच्याशेजारी उभी राहून जेवली. दोघी थोरल्या उभ्या, म्हणून कुणीच बसलं नाही.

मुक्ता माहेरी बाळंत झाली. पोरगं रडकं निघालं, आणि न थांबता फेऱ्या घालणारी आजी त्याला बरोबर मिळाली. भिवराचे गुडघे काही सुधारले नाहीत म्हणे. ती पुढेही दोन्ही आळ्यांच्या मधे चालत राहिली, कधी नातवाला घेऊन, कधी तिळाचं सूप घेऊन.

पाहुणे इथे नानांना एक प्रश्न विचारतातच. साळू गप्प राहिली, भिवरा गप्प राहिली, तर मग खडा लागल्याचं गावाला कळलं कसं?

त्याचं असं झालं. पुष्कळ वर्षांनी भिवरा गेली. तिला आडवी ठेवली होती. उभी नसलेली भिवरा गावाने त्या नवसानंतर पहिल्यांदा पाहिली, आणि बायकांना ते पाहवेना. साळू तेव्हा फार म्हातारी झाली होती. ती भिवराच्या पायांशी बसली, तिच्या भेगाळल्या टाचांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता सांगते. त्या भोगीला मला खडा लागला व्हता."

मग शेजारची एक म्हणाली, "मलाबी."

"मलाबी लागला व्हता," तिसरी म्हणाली. "म्या घरी जाऊन मालकास्नी सांगितलं, कुटं बोलू नका म्हून."

दारातून कोंडाजी पाटील म्हणाला, "माजा दात हालला व्हता."

मग मुक्ताने मान वर केली. ती म्हणाली, "मला दोन लागलं व्हतं." आणि आईच्या मयताच्या घरी ती एवढी हसली, एवढी रडली, की बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. त्या दिवशी माळावर जेवलेल्या प्रत्येकाला खडा लागला होता, आणि तो आपल्यालाच लागला असं समजून प्रत्येकाने तो गिळला होता. भिवराने इतकं चालून निवडले, तरी तीळ ते तीळच राहिले. वाऱ्यात उभ्याने निवडलेले तीळ साफ कसे होणार?

आजही बोरदऱ्यात भोगीचे तीळ बसून निवडत नाहीत. वरच्या आळीची एक सून सूप घेऊन त्या पट्टीवरून येरझारा घालते आणि चालत चालत निवडते. पट्टीवर गवत नाही ते त्यामुळे, असं शहाणे लोक म्हणतात. म्हणोत बापडे. चूल पेटते, भाजी शिजते, वर्षभरात ज्यांचं बोलणं तुटलं असेल त्यांनी एकमेकांच्या भाकरीवर तीळ घालायचे असतात, आणि मग सगळे उभ्याने खातात.

पाहुण्याच्या घासातही कधीतरी कच्चकन वाजतं. तो चेहरा वाकडा करून थुंकायला जागा शोधू लागतो, तेव्हा दगडूनाना त्याच्यासमोर येतात आणि विचारतात, "काय पाव्हणं, तीळ कसं हायेत?"

आजूबाजूची माणसं खायचं थांबवतात. पाहुणा एकदा नानांकडे बघतो, एकदा त्या उघड्या पट्टीकडे. मग गिळतो.

"साफ आहेत," तो म्हणतो, आणि त्याच्या हातावर दुसरी भाकरी येते.